फोन धरायचं काम

ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून माझ्याकडं
झाडलोट, दवंडी, पाणीपट्टीची बिलं,
आन् तीन वर्सं झाली, हे एक वाढलंय:
ग्रामसभेत फोन धरायचा.

फोनमधी धन्यकुमार मगदूम.
रॉटरडॅमला असतोय, पाण्याचा इंजिनीअर.
त्या मुलखात म्हणं समुद्र वर आन् माणसं खाली,
तरी कुणाच्या उंबऱ्याला ओल न्हाई.
आमच्यात पंचगंगा खाली, आमी वर,
आन् श्रावणात म्हशी हायवेवर.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, पोरांना बुंदी झाली,
हितं साडेदहा, तिकडं सहा.
त्याच्या पाठीमागच्या खिडकीत काळोख,
अंगात स्वेटर, हातात कप.
"नमस्कार मंडळी" म्हणला
की मागं बिडी वडत बसलेलं म्हातारंबी बिडी इझवतंय.

आता खोटं कशाला बोलू,
त्यानं बोट पाठवली, मोटरची, लाल.
शाळंच्या भिंतीला फुटाफुटाच्या रेघा मारून घेतल्या.
राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट लागलं
की आमच्या आधी त्याला कळतंय,
आन् तिकडनं आमाला फोन येतोय: उठा.

"ह्यालाच सरपंच करूया," कोण तरी वरडलं.
तो हसला.
त्याचा पासपोर्ट आता दुसऱ्या रंगाचा,
मतदार यादीत नावावर आडवी रेघ.
खुर्चीत सरपंच शेवंताक्का बसलेल्या.
हातातल्या ठरावाची घडी घातली, मोडली, परत घातली.
"खुर्ची रिकामी न्हाई" असं काय त्या बोलल्या न्हाईत.
मला ऐकू आलं.

मग त्यानं भिंत सांगितली.
मारुतीपास्नं डेअरीपतोर, साडेसहाशे मीटर,
निम्मे पैसे तिकडच्या मित्रमंडळींचे.
टाळ्या पडल्या.
मला टाळी वाजवता येत न्हाई,
हातात तोच असतोय.

दोन गोष्टी सांगतो, कुणी इचारल्या न्हाईत म्हणून.
धरून धरून खांदा भरून येतोय, ते पडद्यावर दिसत न्हाई.
आन् मी मनगट वळवीन
तेवढंच त्याला गाव.

तीन वर्सं मी त्याला स्टेज दावलं,
फेटे दावले, रांगोळी दावली.
त्या दिवशी काय झालं काय की,
मी पाठ फिरवली आन् चालायला लागलो.
"अरे, फोन घिऊन कुठं निघालास?"
"आवाज येतोय का?" फोनमधनं.
"येतोय. चालतोय."

डेअरीच्या मागं उतार हाय.
तिथं त्याची भिंत संपती
आन् आमची आळी सुरू हुती. सतरा घरं.
कुडाला गाळाची रेघ, माझ्या डोक्याच्या वर दोन वीत.
दोरीवर गोधड्या, एक शेळी,
पत्र्यावर अजून अडकलेलं कुणाचं तरी चप्पल.

"ही कुठली गल्ली?" त्यानं इचारलं.
"तुझ्याच गावची."
"मी कधी..."
"न्हाई आलास. शाळंची वाट वरनं हुती."

समुद्राच्या किती खाली आपण झोपतो
हे ज्याला सेंटिमीटरात ठावं,
तो कप खाली ठिवून
त्या रेघंकडं बघत राह्यला.
नेटवर्क गेलं असं वाटलं मला.
न्हवतं गेलं. त्याच्या खिडकीत जरा जरा उजाडत हुतं.

"भिंत बांधली तर," तो म्हणला हळू,
"वरचं सगळं पाणी..."
"व्हय," म्हणलो. "तिसरं दार माझं."

मागनं शेवंताक्का आल्या, धापा टाकत,
निऱ्या हातात, ठरावाचा कागद काखंत.
त्यांच्या मागं निम्मी सभा.
फोनमधनं आवाज आला,
"फोन सरपंचांच्याकडं द्या."

दिला.
त्या काय बोलल्या, तो काय बोलला, कागदावर हाय, वाचा.
मी कडंला उभा.
हात मोकळा झालेला,
आन् तरी कितीतरी वेळ
तसाच वर.