तिसरी कॅसेट

चोवीस तासांचे ऐंशी रुपये, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी.
वढावकर लेबलवर बॉलपेनने लिहायचा:
'सुरा, भाग २. लहान मुलांस देऊ नये.'
लहान आम्हीच होतो. वर्गणीही आमचीच.

चेंदणी कोळीवाड्यात, नाखव्यांच्या ओटीवर
जाळ्यांचा ढीग सरकवून टीव्ही मांडलेला.
पहिली कॅसेट देवादिकांची, म्हाताऱ्यांसाठी.
दुसरी मारामारीची.
तिसरी लागेपर्यंत एक वाजायचा.

मुलींचं वसतिगृह, बर्फ, फोनची कापलेली वायर.
इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, अडलंही नाही.
दार करकरलं की ते कुठल्याही भाषेत करकरतं.

रक्त इतकं लाल
की खोटं असल्याची शपथच घ्यावी त्यानं.
मला तेच आवडायचं.
साखरेचा पाक आणि खायचा रंग
पातेल्यात ढवळत बसलेलं कुणीतरी,
रबराच्या मानेला एकेक केस टोचणारं कुणीतरी,
एवढी मेहनत
शेवटी दीड सेकंदात उडवायला.

आणि टेपवरच्या रेघा.
जिथं मुडदा पडणार तिथं
आधीच्या गिऱ्हाइकांनी मागे नेऊन, पुन्हा मागे नेऊन
फीत झिजवलेली.
चित्र थरथरलं, खालून पांढरी रेघ चढली
की समजायचं, आता.
खोपट, कोपरी, किसननगर:
कधी न भेटलेल्या माणसांची भीती
आमच्या आधी त्या जागेवर बसून गेलेली,
जागा अजून ऊबदार.

वेणूबाय मात्र हसायची.
'सुरा असा धरतान काय रं?
मेल्याला बोंबील पन कापता येनार नाय.'
मुखवटेवाला हात उंच उचलायचा
आणि ती आपलं मनगट दाखवायची,
इथून, बघ, इथून जोर येतो.
त्यानंतर मला कुठलाच खुनी पुरता खरा वाटला नाही
आणि सगळेच जास्त आवडू लागले.

एकटी उरलेली पोर जिन्याशी आली
की हिचं हसू थांबायचं.
'वर नुको जाऊ गो. वर काय हाय?'
पोर वरच जायची.
तेवढ्यात साडेतीन वाजायचे,
धक्क्यावरून मासळी आणायची असायची,
पाटी डोक्यावर, वेणूबाय निघून जायची.

शेवट तिनं एकदाही पाहिला नाही.

आता घोडबंदरला, एकोणिसाव्या मजल्यावर
धुऊनपुसून लख्ख केलेली प्रत बघते.
मुखवट्याचं इलॅस्टिक दिसतं, मानेवरचा जोड दिसतो,
त्या कारागिराला मनातल्या मनात शाबास म्हणते.
पण रेघ चढत नाही. कुणी बजावत नाही, आता.
घरातले झोपलेत, मी एकटीच दचकते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाजारात गाठायची मला.
'पोर वाचली?'
'वाचली.'
एका सिनेमात नव्हती वाचली.
तेव्हाही मी वाचली म्हटलं.
वेणूबायनं मान डोलावली
आणि समोरच्या सुरमईवर
कोयता ठेवला, इथून जोर देत.