निदान

पहिल्या दंतवैद्याने अक्कलदाढ काढली.
दुसऱ्याने रात्री दातांत धरायला प्लास्टिकची पट्टी दिली.
तिसऱ्याने, देव त्याचं भलं करो, फोटो काढला:
कानापुढे, जबड्याची बिजागरी फिरते तिथे
हाडात एक पोकळी,
आत कुणी चिमूटभर मीठ टाकल्यासारखे ठिपके.

नोल्फा कात्रिलेओ, वय एकेचाळीस, वस्ती नदीपलीकडे.
तोंड उघडते: दोन बोटे.
अर्जावर एवढंच.
आणि झाकणबंद डबीत वाटाण्याएवढे तीन तुकडे.

हाडाला घाई चालत नाही.
आम्लात ठेवा, चुना सुटू द्या, मग पातं चालेल.
चार दिवस डॉक्टर इस्मेनिया ओयार्सो
इतरांची पित्ताशयं तपासत होती
आणि येता-जाता त्या डबीकडे बघत होती,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी.

पाचव्या दिवशी काच भिंगाखाली.
कूर्चा.

चेहऱ्याच्या हाडात कूर्चा दिसली
की आधी वाईटाचं नाव घ्यायचं,
हे तिला शिकवलेलं, तिनेही पोरांना शिकवलेलं.
सौम्य गाठ तिथे सहसा नसतेच.
सौम्य म्हणून सोडलेली
दोन वर्षांनी गालातून वर येते.

आणि उलटंही.
कोर्रालचा एक कोळी, एलादियो. साधीच गाठ होती त्याची.
अर्धा जबडा गेला, तिच्या सहीने.
अजून मासळीबाजारात दिसतो,
सूप पितो, रुमाल हनुवटीला लावून.
ती तिथून मासे घेत नाही.

म्हणून आज खुर्ची पुढे ओढून
ती एकेक पेशी वाचते.
केंद्रकाच्या मधोमध चीर, कॉफीच्या बीसारखी.
इथे-तिथे एखादी महाकाय पेशी, वाट चुकल्यासारखी.
विभाजन मोजते: एक. पुन्हा मोजते: एकच.
आणि एका कोपऱ्यात, फक्त एका,
पेशींच्या भोवती चुन्याच्या बारीक रेषा,
षट्कोनाला षट्कोन जोडलेले.
पुस्तकात याला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी म्हणतात.
तीस वर्षांत तिने ती गुडघ्यात पाहिली, खांद्यात पाहिली.
चेहऱ्यात? कधीच नाही.

नसलेलं दिसावं असं वाटतं तेव्हा ते दिसतं,
हेही तिला ठाऊक आहे.
ती काच लोकरीच्या मोज्यात गुंडाळते
आणि रात्रीच्या बसने कोन्सेप्सिऑनला पाठवते,
ब्राउलिओ एचेपारेकडे. चिठ्ठीत जाळीचं नाव नाही.
«काय दिसतं ते सांग.» बस.

तीन दिवसांनी फोन.
त्याच्याकडे नवा डाग होता; केंद्रकं तपकिरी झालेली.
पलीकडे तो काहीतरी चघळत होता.
«खुराडं,» तो म्हणाला. «दुसरं काय?»

निदान.
आपल्याकडे या शब्दाचा आणखी एक अर्थ:
दुसरं काही नाही तरी, एवढं तरी.
निदान जबडा राहील.
निदान खरवडून भागेल.
दरवर्षी फोटो काढावा लागेल, गाठ परतू शकते,
हेही तिने खाली लिहिलं, आणि सही करताना
हात क्षणभर अडला, जुन्या सवयीने.

गाठीची आणि गाठीच्या मालकिणीची गाठ
या खात्यात पडत नाही.
पण पुढच्या वर्षी क्ष-किरणांच्या रांगेत
एक बाई बसली होती,
कानापुढे पुसट व्रण, मांडीवर टोपली,
टोपलीत निळसर अंडी, वर्तमानपत्रात लपेटलेली.
तिने तोंडावर हात न ठेवता
भलीमोठी जांभई दिली.
इस्मेनियाने चालता चालता मोजली:
तीन बोटे. जास्तच, कमी नाही.

नाव विचारलं नाही.
टोपली ज्याच्यासाठी होती
त्याचा नंबर लागायचा होता.