लाद्यांची वही

मालीम जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात
मला ठेवलं ते अक्षर बरं म्हणून.
काम एवढंच: पहाटे चार ते आठ,
किती लाद्या सुटल्या, कुठल्या ट्रॉलरवर गेल्या,
लिहायचं. पेन्सिलीने.
पेन नको, कायतान म्हणाला, ओल्या कागदावर शाई धावते,
मग बर्फही गेला, बाय, आणि हिशोबही.

आतेभावाचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या,
मांडीवर दोन वह्या. एक कारखान्याची,
एक बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची.
केसांत अमोनिया घेऊन फेरीबोट धरायची,
पणजीला वर्गात शिरले तरी
बोटं नीट उघडायची नाहीत.
शेजारची नियती एक दिवस बाक बदलून बसली.
तिचं काही चुकलं नाही.

लादी साच्यातून निघते तेव्हा
सगळी काचेसारखी नसते.
मधोमध धुरकट रेघ असते एक.
पाण्यातलं जे गोठायला तयार नसतं
ते पळत पळत तिथे जाऊन बसतं,
असं सुकदेवने सांगितलं, आकड्याने लादी ओढता ओढता.
तो सुंदरगढचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
आणि आठ वर्षं कामावर.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी तीन लाद्या कमी भरल्या.
साच्यांतून सुटल्या, बोटीवर चढल्याची नोंद नाही.
कायतानने वहीवर बोट फिरवलं,
वही माझी, अक्षर बरं,
म्हणजे वही खरी.
सुकदेवने विकल्या असतील मासळीवाल्यांना.
तीनशे साठ कापले.
तो म्हणाला, सांत आंतोनीवर टाकल्या मी, सगळ्यात शेवटी.
एकदाच म्हणाला.
मी पेन्सिलीला टोक काढत होते.

सोमवारी वर्गात कन्साइनमेंट.
सर सांगत होते, माल वाटेत आपोआप विरतो, सांडतो, सुकतो,
ती सर्वसाधारण घट,
ती कुणा एकाच्या नावे टाकत नाहीत.
मी वही उघडली.
समासात, माझ्याच झोपाळू अक्षरात,
सां. आं.
आणि तीन उभ्या रेघा.

पुढचं काही सरांचं ऐकू आलं नाही.
फळ्यावर बर्फाचंच उदाहरण होतं की कोळशाचं,
तेही आठवत नाही.

मंगळवारी पहाटे कॉलेजची वही कायतानसमोर ठेवली.
ओरडेल वाटलं. त्याने चष्मा पुसला.
आठवडा बंद झाला, म्हणाला,
शेट उघडणार नाही.
मग बराच वेळ क्रशरचा आवाज.

माझ्या पाकिटातल्या शंभराच्या चार नोटा
मी सुकदेवपुढे धरल्या. काहीतरी बोलायचं ठरवून आले होते,
हिंदीत, जुळवून.
त्याने हात बनियनला पुसला, नोटा मोजल्या,
खिशातून चाळीस काढून माझ्या वहीवर ठेवले.
दोन वीसच्या, ओल्या.
मी नको म्हटलं.
तीन सौ साठ था, तो म्हणाला, आणि गेला.

त्या दिवसापासून प्रत्येक लादीला
तो आकडा मोठ्याने म्हणायचा.
एकतीस. बत्तीस.
माझ्याकडे बघत, मी लिहीपर्यंत थांबत.
क्रशरच्या वरून, गिऱ्हाइकांसमोर, ट्रॉलरवाल्यांसमोर.
लागायचं मला.
पण मार्चपर्यंत माझी एक रेघ चुकली नाही,
आणि चहाच्या वेळी तो
दुसऱ्या खोक्यावर बसायचा ते बसायचाच.

आई विचारायची, काय शिकलीस गं तिथे?
थंडी सहन करायला, मी म्हणायचे.
ती हसायची, पाकीट देवापुढे ठेवायची,
आत किती कमी आहेत ते त्या एका आठवड्यात
तिने मोजलंही असेल.

परीक्षेत आलंच:
असामान्य घट म्हणजे काय? एक उदाहरण द्या.
चार गुण.
मी पेन उचललं. कागद कोरडा होता, पंखा चालू.
पुस्तकातली गोदामाची आग लिहिली.
चारपैकी चार.