फ्रिजमधला हिवाळा

जाऊबाईंनी, ललनने, स्विंडनहून बी पाठवलं.
कोलंबाइन. चिमूटभर, काळं, चकचकीत,
तिळाहून बारीक.
पाकिटावर तिचं अक्षर : आधी महिनाभर थंडी दे.

थंडी! हळदोण्यात!
इथे पौषातही पंखा लागतो.
ओल्या रुमालात पुरचुंडी बांधून
फ्रिजमध्ये ठेवली, किसमुरीच्या डब्यामागे.
ह्यांनी दोनदा विचारलं, हे खायचं काय?

उगवलं. तीनच.
पानं कोथिंबिरीच्या थोरल्या बहिणीसारखी,
त्यांवर पाणी टिकत नाही,
गोळी होऊन घरंगळतं.
सकाळी पोदेराचा पोंपों ऐकू आला की
मी कुंडीत बर्फाचे चार खडे ठेवायची.
आर्मिंदा गडग्यावरून बघत राहिली, मग म्हणाली,
"बाय, आनी फेणी केन्ना घालतली?"

ललन सांगते, तिकडे ते कार्तिकात मातीत जातं,
वर काडीसुद्धा उरत नाही,
आणि चैत्रात परत.
त्यालाच तिकडे बारमाही म्हणतात.
आमची पिटकोळी मेली कुठे जातच नाही,
तिला परत येणं काय ठाऊक?
ललन दोन वर्षांनी येते म्हणून गेली होती.
अकरा झाली.

फूल नाही आलं.
तिने फोनवर तिच्या कुंपणाचं दाखवलं :
जांभळं, मान खाली घातलेलं.
उलटं धरलं की पाच पारवे
एका वाटीतलं पाणी पितात, म्हणाली.
मी फोन उलटा धरला.
ललनही उलटी झाली, हसत, केस पांढरे.

मेमध्ये तिन्ही रोपं मातीत गेली.
कुंडी मी हलवलेली नाही.