अर्धं हळकुंड

सकाळी माझी बोटं माझी नसतात.
लाल, गरम, सांध्यांशी फुगलेली,
रात्रभर कुणी दोऱ्यानं आवळून ठेवल्यासारखी.
उजाडेपर्यंत मी त्यांना मांडीवर घेऊन बसते,
भांडून आलेल्या पोरांना घ्यावं तसं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटा केला, सुलटा केला,
तळव्याकडं बघत विचारलं, "हे पिवळं कशानं? कावीळ?"
"न्हाई वो. सांगलीच्या यार्डात हळद निवडते.
बावीस वर्षं झाली."
त्यांचं पेन थांबलं.
कागदावर पहिलाच शब्द लिहून झाला होता :
हळद.
दोघी हसलो. त्या जरा आधी थांबल्या.

"हे औषध नाही. गोळी वेगळी दिलीय, ती सोडायची नाही.
ही नुसती सोबत. उपयोग होईल, कदाचित."
कदाचित हा शब्द त्यांनी इतक्या जपून
टेबलावर ठेवला, जसा काचेचा.

खाली बाकीचं :
आलं, लसूण, जवस, पालेभाजी, चिमूटभर मिरं,
साखर कमी.
वाचून दाखवलं तशी मालन म्हणाली,
"ह्यो तर आपल्या आयांचा डबा."
खरंच की.
तांदुळज्याचं गरगट, जवसाची चटणी,
ताकात कुस्करलेली शिळी भाकर.
लाजून सोडलं आपण ते,
आणि यार्डाच्या गेटवर उभ्यानं
गोड चहात खारी बुडवायला शिकलो.

हळद मला बोटांनी कळते.
राजापुरी का सेलम, सांगायला डोळे लागत नाहीत.
हळकुंड मोडलं की कट्ट वाजलं पाहिजे,
आतून केशरी दिसलं पाहिजे, मेणासारखं.
गड्डा इकडं, कणी तिकडं, किडकं पायाशी.
हल्ली मोडताना आवाज दोन येतात.
त्यातला एक हळकुंडाचा.

लग्नात हळद एक दिवस लागते.
मला लागली ती अजून उतरायचीय.
नवरा मात्र उतरला, मधल्याच कुठल्यातरी स्टँडवर.
पदर पिवळा, नखं पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा,
शिंकले तरी पिवळं.
आणि घरात?
घरात पाच रुपयांची पुडी, कोपऱ्यावरच्या दुकानातली,
कुठल्या गावची कोण जाणे.
आमच्या हातची हळद कुठं कुठं जाते,
आमच्या आमटीत येत नाही.

बावीस वर्षांत एक कणी ओच्यात घेतली नव्हती.
त्या दिवशी मोडलेल्यातलं अर्धं घेतलं.
गेटपर्यंतची पन्नास पावलं
सगळं यार्ड माझ्या कमरेकडं बघत होतं.
चंद्राप्पा मुकादम कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेला.
"हौसाक्का, काय नेतीस?"
काढून दाखवलं. त्यानं ते बघितलं,
मग माझी बोटं बघितली,
कुठलं हळकुंड नि कुठलं बोट,
घटकाभर त्याला उमगलं नसावं.
"अर्ध्या हळकुंडानं पिवळी हुतीस व्हय गं?" म्हणाला,
आणि उठून ढिगात हात घालून
दुसरं अर्धं आणून दिलं.
जुळलं नाही ते.
मीही जुळवत बसले नाही.

कुटायला मालनची सून आली.
मिऱ्यांची पुडी आणली, दहा रुपयांची,
एकेक मिरं मोजून टाकते अजून.

सव्वा महिना झाला.
पी हळद नि हो गोरी, असलं काही घडलेलं नाही.
करंगळीशेजारचं बोट वाकडं ते वाकडंच.
आज पहाटे फक्त एवढं झालं :
मागल्या दारी नळाला पाणी आलं, हंडा भरला,
रोजच्यासारखं शेजारच्या तौफिकला
हाक मारायला तोंड उघडलं,
तर हात आधीच तोटीवर.
फिरली.
गोळीनं, का जवसानं,
का त्या न जुळलेल्या दोन अर्ध्यांनी,
कुणास ठाऊक.
पाणी थांबलं.