ड्रेन बोल्ट

एरंडोलला, हायवेच्या खालच्या अंगाला,
जब्बारच्या गॅरेजचा पत्रा दुपारी दोनला तडतडतो,
कुणी लाह्या भाजाव्यात तसा.
गाडी खड्ड्यावर. जब्बार खड्ड्यात.
त्याचा फक्त हात वर येतो, सतराचा पाना मागायला.
पोरगं बाराचा देतं, शिवी खातं, सतराचा देतं.

बोल्ट सुटला.
तेल आधी जाड धारेनं, मग सुतासारखं, मग थेंब थेंब
उतरलं कापलेल्या डब्यात.
काळं. डिझेल गाडीचं तेल काळंच असतं,
मी म्हणालो, कुणी विचारलं नसताना.

जब्बार वर आला. डबा उन्हात नेला.
दोन्ही हातांत धरून हलकेच कलता केला,
डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं,
आणि तळाशी काहीतरी फिरलं.
मला वाटलं, ऊन आहे.
पण ऊन डब्याबरोबर कलत नाही.
हे कललं.

फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक त्याच्या खिशात कायम असतं,
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.
ते त्यानं बुडवलं. पिशवीला थोडी काळी दाढी उगवली.
"हाई लोखंड. हाई चालस."
उरलेली चमक मात्र चुंबकाला बधली नाही.
तांबूस होती, झिजल्या पैशाच्या कडेसारखी.
ती त्यानं बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली,
कानाशी नेली. खरंच, कानाशी नेली.
"बेअरिंग शे. वरला थर गया."

मग उकिडवा बसून सांगू लागला, माझ्याकडं न बघता.
त्याचा बाप झारेकरी. जळगावच्या सराफ गल्लीत
दुकानं उघडायच्या आत पायऱ्या झाडायचा,
गटारीचा गाळ भरून आणायचा, घमेल्यात धुवायचा,
असाच, डावीकडं, उजवीकडं.
सोनार घासतो, झटकतो, हात धुतो,
कणभर तरी सुटतंच कुणाच्या ना कुणाच्या डागातून.
आठवडाभराच्या चिखलातून निघायचं गव्हाच्या तुसाएवढं.
त्यावर पाच भावंडं वाढली.
"चमक दिसनी की बाप हासे," जब्बार म्हणाला.
"माले दिसनी की मी गप बसस."

आणि गप्प बसला.
हायवेवरून केळीचा ट्रक गेला, पानांचा वास मागं ठेवून.

"कवयपासून आवाज ई ऱ्हायना?"
आजच, म्हणालो. आज सकाळी.

खरं तर होळीपासून.
कासोद्याहून भरलेली गाडी आणताना, अंजनीच्या पुलाजवळच्या चढाला
कुणी आतून दार वाजवतंय तसा,
ओळखीच्या माणसाच्या हलक्या हाताचा.
मी रेडिओ मोठा केला.
पुढच्या सीटवर तलाठ्याची आई होती, तिनं विचारलंसुद्धा,
भाऊ, काय वाजस?
रस्ता वाजस, म्हणालो.
म्हातारी खिडकीबाहेर रस्ता बघत बसली, उतरेपर्यंत.

इंजिन खाली घ्यायचं. क्रँक जळगावला, लेथवर.
आठ दिवस, नाहीतर पंधरा.
आखाजी चार दिवसांवर,
सहा माहेरवाशिणींना आणायचा शब्द दिलेला, दोघींचा इसार घेतलेला.
"आखाजी होऊ दे," मी म्हणालो, "एवढ्या सहा खेपा."
जब्बारनं डब्यातलं तेल गाळलं नाही, फेकलंही नाही.
काचेच्या बाटलीत भरून माझ्या हातात दिलं.
उभी ठेव, म्हणाला. सकाळपर्यंत खाली बसेल.
मग तूच बघ आणि तूच सांग.

रात्री रॉकेलनं हात धुतले, मग निरम्यानं, मग राखेनं.
कोकिळानं कळण्याची भाकरी वाढली,
पाटावर माझा पंजा बल्बखाली आला
आणि ती थांबली.
रेषांमध्ये बारीक बारीक काहीतरी, सगळीकडं.
"सोनं शे का?" हसत म्हणाली.

पदरानं पुसू लागली.
पुसलं की पदर चमके,
आणि हातावरही उरे.

होळीपासून, मी म्हणालो.
तिनं काय ते विचारलं नाही.
भाकरीचा दुसरा चतकोर माझ्याकडं सरकवला
आणि खिडकीत उभ्या बाटलीकडं बघत राहिली.