कोरी

योर्गनकाकाची लाकूडगिरणी बंद पडली
त्याच आठवड्यात त्याने ही रायफल घेतली.
व्हर्नाकाकूने विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही.

खोक्यात अजून तोच मेणकागद,
चापाला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी.
बोझमनचा दुकानदार म्हणतो,
एक गोळी झाडलीस की निम्मे पैसे गेले.

दर नोव्हेंबरात मी तेल लावते
हातमोजे घालून.
बोटांचा घामही पोलाद खातो म्हणे.

आज कुंपणाशी हरणी आली.
काडतूस आत सरकवलं.
केवढा गुळगुळीत आवाज,
जणू चाळीस वर्षं
घासूनपुसून ठेवलेला एकच शब्द.

हरणी बर्फातली सफरचंदं खात राहिली.
काडतूस काढून मी खिशात टाकलं.

आत मात्र आता
पितळेचा बारीक ओरखडा आहे.
दुकानदाराला दिसेल.

काकाला चाललं असतं.